व्हीपीएन कोणत्या संगणकावर चालते, हे आधी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : शिक्षणसंस्था व कार्यालये यांनी सक्तीचे केलेले व्हीपीएन आणि आपल्या भागातील जुने संगणक

गेल्या वर्षी पोळ्याला चार दिवस उरले असताना यावल तालुक्यातील एका गावाहून एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आली. मी चोपडा तालुक्यातील एका महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळा सहायक म्हणून सतरा वर्षे काम करतो. पदवीपर्यंत ती आमच्याकडेच शिकली आणि पुढच्या शिक्षणासाठी तिला बाहेरच्या एका संस्थेत प्रवेश मिळाला. त्या संस्थेच्या ग्रंथालयातील संशोधनपत्रिका घरून वाचायच्या असतील, तर संस्थेचे व्हीपीएन, म्हणजे बाहेरून संस्थेच्या जाळ्यात शिरण्याची सोय, लावावे लागते. प्रवेशाच्या कागदांत त्याविषयी एकच ओळ होती : सॉफ्टवेअर उतरवून घ्या आणि सुरू करा. तिच्या लॅपटॉपवर ते सुरू होईना. संस्थेच्या मदत कक्षाला फोन केला, तर उत्तर मिळाले की लॅपटॉप जुना आहे, नवीन घ्या. वडिलांनी मला विचारले, "सर, नवीन केवढ्याला पडेल?" कापूस शेतात उभा, खताचे आणि फवारणीचे पैसे आधीच गेलेले, दिवाळीपर्यंत हाती काही यायचे नाही, अशा दिवसांत त्या माणसाला हा प्रश्न विचारावा लागला. तो विचारण्याची गरजच नव्हती, हे मला त्याच संध्याकाळी कळले, आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तो लॅपटॉप माझ्या ओळखीचा होता. जळगावातून जुना घेतलेला, तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, उजवीकडची बिजागरी सैल झाल्यामुळे पडदा उघडताना हाताने धरावा लागतो असा. त्याची हार्ड डिस्क काढून एसएसडी मीच बसवली होती आणि विंडोज संथ झाल्यामुळे तिच्या जागी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिमही मीच टाकून दिली होती. यंत्र सुरू होऊन अर्ध्या मिनिटात कामाला लागत होते. मग 'जुना' म्हणजे नेमके काय?

व्हीपीएन म्हणजे आपल्या संगणकापासून संस्थेच्या जाळ्यापर्यंत इंटरनेटवरूनच काढलेली बंद वाट, आणि आपल्या बाजूने ती वाट उघडणारा प्रोग्राम म्हणजे क्लायंट. हा क्लायंट एखाद्या यंत्रावर चालेल की नाही, हे तीन गोष्टींवर ठरते. संस्थेचा सर्व्हर ज्या भाषेत बोलतो ती भाषा, म्हणजे प्रोटोकॉल, क्लायंटला यावी लागते. ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला आपल्या पोटात एक काल्पनिक नेटवर्क कार्ड मांडू द्यावे लागते. आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पॅकेटला, म्हणजे माहितीच्या तुकड्याला, कुलूप घालण्याइतका नि ते उघडण्याइतका दम प्रोसेसरमध्ये असावा लागतो. मदत कक्षातील व्यक्तीने या तिन्हींपैकी काय नडले ते सांगितले नाही, कारण बहुधा तिलाही ते कोणी सांगितले नव्हते. प्रत्यक्षात नडले एवढेच होते की संस्थेने खरेदी केलेल्या व्हीपीएनचा क्लायंट तिने फक्त विंडोजसाठीच संकेतस्थळावर ठेवला होता.

त्यावर उपाय आधीपासून अस्तित्वात होता. ओपनकनेक्ट नावाचा एक ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला आहे असा, क्लायंट आहे. तो मुळात सिस्कोच्या एनीकनेक्ट या व्हीपीएनशी बोलण्यासाठी डेव्हिड वुडहाऊस यांनी लिहिला, आणि पुढे जुनिपर, पालो आल्टोचे ग्लोबलप्रोटेक्ट, एफ-फाइव्ह, फोर्टिनेट अशा इतर कंपन्यांच्या सर्व्हरांचीही भाषा तो शिकला. त्या संस्थेचा सर्व्हर यांपैकीच एका प्रकारचा होता. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ओपनकनेक्टची जोडणी घेतली, नेटवर्कच्या खुणेवर जाऊन व्हीपीएन जोडले, सर्व्हरचा पत्ता घातला. विद्यार्थिनीने आपले नाव आणि पासवर्ड टाकला आणि कोपऱ्यात लहानसे कुलूप दिसू लागले. चहा यायच्या आत तिने हवी ती पत्रिका उघडली होती. दुसऱ्या दिवशी संस्थेला रीतसर ईमेल पाठवून असा क्लायंट वापरण्याची परवानगी मागितली. 'आम्ही याला साहाय्य देत नाही, पण आपल्या जबाबदारीवर वापरण्यास हरकत नाही' असे उत्तर तीन आठवड्यांनी आले. हेच वाक्य प्रवेशाच्या कागदांत असते, तर त्या वडिलांचा यावल ते चोपडा हा हेलपाटा आणि मनाला लागलेला घोर दोन्ही वाचले असते.

ही एकाच मुलीची गोष्ट असती तर आपल्या दैनिकाची जागा मी मागितली नसती. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून नाशिक, पुणे, सुरतकडे शिकायला आणि नोकरीला जाणारी मुले वापरलेलेच संगणक घेतात. कार्यालयांतून निवृत्त झालेली यंत्रे दुकानदार आणतात, पुसून-झाडून विकतात, आणि ती आणखी पाचसहा वर्षे नीट चालतात. लेखा कार्यालयात काम करणारा मुलगा घरून टॅली उघडतो तो व्हीपीएनमधूनच. अक्कलकुवा किंवा धडगावच्या बाजूला राहून पुण्याच्या कंपनीचे काम करणारी मुलेही आता आहेत. या सर्वांच्या यंत्रांविषयी 'जुने आहे' हा एकच शेरा मारला जातो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

विंडोजपासून सांगतो, कारण अडचण तिथेच जास्त आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीचे उत्तम चालणारे यंत्रही अधिकृतपणे त्या दाराबाहेर राहते. आता एखाद्या संस्थेने 'विंडोज ११ आवश्यक' असे लिहिले, तर ती वस्तुतः 'अमुक सालानंतरचा संगणक आवश्यक' असे लिहीत असते, आणि बहुतेकदा तिच्या व्हीपीएनची ती गरजच नसते. ओपनव्हीपीएनचा दाखला घ्या. जेम्स योनान यांनी २००१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेला हा प्रोग्राम आजही संस्थांमध्ये सर्वाधिक परिचयाचा आहे. त्याच्या २.३ या शाखेपर्यंत विंडोज एक्सपीची सोय होती, २.४ पासून एक्सपी सुटले आणि व्हिस्टा ही खालची मर्यादा झाली. वायरगार्ड या दुसऱ्या खुल्या व्हीपीएनचा विंडोजवरील अधिकृत क्लायंट तर विंडोज ७ साठीही आलेला आहे. तेव्हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आपल्या क्लायंटची खालची मर्यादा प्रत्येक वेळी जाहीर केलेली असते. ती मधल्या मध्ये हरवते, आणि विद्यार्थ्यापर्यंत फक्त 'चालत नाही' एवढेच पोहोचते.

विंडोज ७ वरची एक गंमत नव्हे, खरोखरची डोकेदुखी सांगायला हवी, कारण तिच्यामुळे अनेक चांगली यंत्रे भंगारात गेलेली मी पाहिली आहेत. व्हीपीएनचे काल्पनिक नेटवर्क कार्ड हा एक ड्रायव्हर असतो आणि ६४ बिट विंडोज सहीशिवाय कोणताही असा ड्रायव्हर आत घेत नाही. नव्या ड्रायव्हरांवरची डिजिटल सही एसएचए-२ या पद्धतीची असते. मूळ विंडोज ७ ला ती वाचता येत नाही. त्यासाठीचा अपडेट मायक्रोसॉफ्टने नंतर दिला. ज्या यंत्रावर तो अपडेट घातलेला नाही, तिथे क्लायंट बसतो, चिन्हही दिसते, पण ड्रायव्हर नाकारला जातो आणि जोडणी होत नाही. माणसाला वाटते संगणक गेला. वास्तविक एक अपडेट कमी असतो. अर्थात विंडोज ७ चे साहाय्यच १४ जानेवारी २०२० रोजी संपले असल्यामुळे आज कोणी तो संगणक घेऊन आला, तर मी अपडेट शोधत बसत नाही. विचारून, कागदपत्रे आणि फोटो पेन ड्राइव्हवर काढून घेऊन, लिनक्स टाकतो.

लिनक्सवर चित्र पुष्कळ सोपे आहे. जेसन डोनेनफेल्ड यांचे वायरगार्ड लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ५.६ या आवृत्तीपासून अंगभूत आले. ती आवृत्ती २९ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झाली. टाळेबंदी लागून तेव्हा पाचच दिवस झाले होते आणि घरून काम करण्याची वेळ साऱ्या देशावर आली होती, म्हणून ती तारीख माझ्या लक्षात राहिली आहे. त्याहून जुन्या कर्नलसाठी, थेट ३.१० पर्यंत मागे जाऊन, वेगळी जोडणीही त्याच मंडळींनी करून दिली. वायरगार्डचा कर्नलमधला भाग सुमारे ४,००० ओळींचा आहे. इतका लहान प्रोग्राम जाणकार माणूस वाचून तपासू शकतो, आणि लहान असल्यामुळे जुन्या यंत्रावर तो जडही होत नाही. लिनक्सची एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. ३२ बिट प्रोसेसरची वाट आता बंद होत चालली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १३ व्या आवृत्तीमध्ये ३२ बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर दिलेला नाही. डेबियन १२ ही तशी सोय असलेली शेवटची आवृत्ती. म्हणून २००५-०६ च्या काळातला ३२ बिट पेंटियम कोणी घेऊन आला, तर मी त्याला खोटी आशा दाखवत नाही. पण त्यानंतरचे कोअर टू ड्युओदेखील ६४ बिट आहेत, हे पुष्कळांना माहीत नसते. त्यांवर ३२ बिट विंडोज टाकलेले असते आणि त्यामुळे यंत्रच ३२ बिट आहे असा समज होतो.

मॅक आमच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके येतात. टनेलब्लिक हा ओपनव्हीपीएनचा क्लायंट त्यांच्यावर चालतो, एवढे पुरे.

आता प्रोसेसर. पॅकेटला कुलूप घालण्याचे काम बहुतेक व्हीपीएन एईएस या पद्धतीने करतात. इंटेलने २०१० पासून काही प्रोसेसरांत एईएससाठी खास सूचना बसवल्या आणि हे काम कित्येक पटींनी हलके झाले. पण स्वस्त प्रोसेसरांत ही सोय उशिरा आली. तिसऱ्या पिढीपर्यंतच्या बहुतेक आय-थ्रींमध्ये ती नाही, आणि आपल्या भागात जुन्या बाजारात सर्वांत जास्त विकले जातात ते हेच. लिनक्सवर प्रोसेसरची माहिती पाहिली, तर फ्लॅग्ज या शब्दापुढच्या लांबलचक ओळीत 'एईएस' ही तीन अक्षरे असतात किंवा नसतात. मी प्रत्येक यंत्र आले की आधी तेवढे पाहतो. नसली तरी काम अडत नाही. मोबाईलवरून गावात जो वेग मिळतो, त्याला कोअर टू ड्युओवर खास सूचनांविना चालणारा एईएससुद्धा पुरून उरतो. फरक पडतो तो उष्णतेत. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांकडे सरकलेला असताना, धुळीने भरलेल्या पंख्याच्या लॅपटॉपवर दोन तास व्हिडिओ व्याख्यान व्हीपीएनमधून चालवले, की यंत्र तापून स्वतःचा वेग कमी करते आणि आवाज तुटू लागतो. अशा यंत्रासाठी चाचा-२० ही दुसरी पद्धत बरी. डॅनियल बर्नस्टाइन या गणितज्ञांनी २००८ मध्ये ती मांडली आणि खास सूचना नसलेल्या प्रोसेसरवर ती एईएसपेक्षा वेगाने चालते. वायरगार्ड तीच वापरते. ओपनव्हीपीएननेही २०२० च्या २.५ या आवृत्तीपासून ती घेतली आहे. सर्व्हरच्या बाजूला तिची परवानगी देणे ही सेटिंगच्या फाइलमधली एका ओळीची गोष्ट आहे. ती ओळ लिहायची की नाही हे संस्थेच्या हातात आहे, यावलच्या विद्यार्थिनीच्या नाही.

ज्या दोषामुळे सर्वांत जास्त संगणक 'व्हीपीएनला अपात्र' ठरवले गेलेले मी पाहिले, तो दोष मात्र यांपैकी कशातच नाही. मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर-२०३२. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. जुन्या यंत्रातला तो संपलेला असतो. आमच्याकडे भारनियमन झाले आणि वीज परत आली, की प्रयोगशाळेतल्या तिसऱ्या रांगेतल्या एका डेस्कटॉपवर १ जानेवारी २००९ ही तारीख उभी राहायची. ओपनव्हीपीएन जोडायला गेले, की सर्व्हरचे प्रमाणपत्र अजून वैध झालेले नाही, असे तो सांगायचा. त्याच्या हिशेबाने ते बरोबरच होते, कारण २००९ मध्ये ते प्रमाणपत्र जन्मालाही आलेले नव्हते. वायरगार्डचेही तेच. जोडणी सुरू होतानाच्या पहिल्या हस्तांदोलनात क्लायंट आपली वेळ पाठवतो आणि सर्व्हर आधी पाहिलेल्या वेळेहून मागची वेळ स्वीकारत नाही, जेणेकरून कोणी जुना संदेश पकडून पुन्हा पाठवू नये. घड्याळ मागे गेले, की तो सर्व्हर काहीच उत्तर देत नाही, आणि पडद्यावर कोणतीही चूक न दाखवता जोडणी नुसती ताटकळत राहते. मी केबिनेट उघडले, नखाने खटका दाबून सेल काढला, नवा बसवला, वेळ लावली, आणि तो डेस्कटॉप त्या दिवसापासून विनातक्रार चालतो आहे. पानटपरीवर दोन चहा घेतले तर जेवढे होतील तेवढ्याच पैशांची ती दुरुस्ती. हीच तक्रार घेऊन एक शिक्षक माझ्याकडे आले, तोवर त्यांनी हप्त्याने नवा संगणक घेतलेला होता.

मोबाईलच्या बाबतीतही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण खेड्यात इंटरनेट म्हणजे फोनचे हॉटस्पॉट. अँड्रॉइडमध्ये ४.० पासून फोन रूट न करता, म्हणजे त्याची आतली कुलपे न तोडता, व्हीपीएन चालवण्याची सोय आहे आणि ओपनव्हीपीएन, वायरगार्ड, स्ट्राँगस्वान या सर्वांचे क्लायंट तिथे आहेत. मुले फोनवर व्हीपीएन लावतात, त्याच फोनचे हॉटस्पॉट लॅपटॉपला देतात आणि ग्रंथालय उघडत नाही म्हणून गोंधळतात. अँड्रॉइडचे हॉटस्पॉट सहसा लॅपटॉपची ये-जा फोनवरच्या व्हीपीएनमधून नेत नाही. क्लायंट लॅपटॉपवरच हवा. दुसरी तक्रार म्हणजे 'कनेक्टेड दिसते, पण पान उघडत नाही'. तेव्हा बहुधा पॅकेटचा आकार नडतो. वायरगार्ड साधारणपणे एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, १४२० धरते. मोबाईलच्या जाळ्यातून इतके मोठे पॅकेट कधी कधी पार होत नाही. तो आकडा १२८० केला की पाने भराभर उघडतात. हा आकडाही संस्थेने दिलेल्या फाइलमध्ये आधीच लिहून ठेवता येतो.

संस्थांची बाजू मला समजते. सुरक्षिततेचा त्यांचा मुद्दा खोटा नाही. ज्या यंत्राला वर्षानुवर्षे अपडेट मिळालेला नाही असे एक्सपीचे यंत्र व्हीपीएनमधून आत घेणे म्हणजे आपल्या घराची मागची खिडकी उघडी ठेवणे होय, आणि ओपन सोर्स क्लायंट एक्सपीवर चालतो म्हणून तो चालवावा, असे मी कधीही म्हणणार नाही. पण सुरक्षितता तपासायची असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिमला अपडेट मिळतात की नाही हे तपासावे. आजचे लिनक्स मिंट असलेला बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप हा अपडेट बंद झालेल्या विंडोज १० च्या पाच वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपहून अधिक सुरक्षित आहे. काही संस्थांच्या व्हीपीएनमध्ये प्रवेशाआधी यंत्राची झडती घेणारी सोय चालू असते. ती फक्त विंडोजवरचे ठरावीक अँटिव्हायरस ओळखते आणि लिनक्सला सरसकट नापास करते. अशा झडतीने सुरक्षितता वाढत नाही, वगळलेल्यांची संख्या तेवढी वाढते.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. दहा प्रकारच्या यंत्रांना मदत कक्षाने कसे पुरे पडावे? त्यासाठीच खुला प्रोटोकॉल हवा. संस्थेने ओपनव्हीपीएन, वायरगार्ड किंवा आयकेई-व्ही-टू यांपैकी काही वापरले, तर तिला क्लायंट पुरवावाच लागत नाही. ओपनव्हीपीएन किंवा वायरगार्ड असेल तर सेटिंगची एक फाइल द्यायची, ती विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड सर्वांवर चालते, आणि तालुक्याच्या गावातला माझ्यासारखा कोणीही ती बसवून देऊ शकतो. माझे मत विचाराल तर आपल्या भागासाठी ओपनव्हीपीएन अधिक सोयीचे आहे. वायरगार्ड वेगवान आणि सुटसुटीत आहे, पण ते यूडीपी या पॅकेट पाठवण्याच्या एकाच पद्धतीवर चालते; एखाद्या वसतिगृहाच्या किंवा कार्यालयाच्या फायरवॉलने यूडीपी अडवले की ते तिथेच थांबते. ओपनव्हीपीएन अशा वेळी टीसीपी या दुसऱ्या पद्धतीच्या ४४३ या दारातून, जिथून सुरक्षित संकेतस्थळे जातात तिथून, वाट काढू शकते. दोन्ही ठेवता आले तर उत्तमच.

हे काही मी नव्याने मागत नाही. केंद्र सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले आणि २०१५ मध्ये सरकारी यंत्रणांत ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण आणले. सी-डॅकने डेबियनवर आधारलेली बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली २००७ पासून दिली आहे. सरकारची एक संस्था लिनक्स तयार करते आणि सरकारच्याच अनुदानावर चालणारी दुसरी संस्था 'लिनक्सवर चालत नाही' असे विद्यार्थ्याला फोनवर सांगते, याची मला मनापासून खंत वाटते.

यातून एक धोकाही निर्माण होतो. संस्थेचे व्हीपीएन चालले नाही, की मुले फोनवर 'फुकट व्हीपीएन' शोधतात आणि कोण चालवते हे ठाऊक नसलेल्या ॲपच्या हाती आपली सगळी ये-जा देतात. त्या ॲपने ग्रंथालय तर उघडत नाहीच, कारण ते संस्थेच्या जाळ्यात नेतच नाही. वर बँकेचा पासवर्ड टाकतानाही ते चालूच राहते. या दोन गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जातात, पण त्या वेगळ्या आहेत, हे वर्गात एकदा सांगितले तरी मुलांना चटकन कळते.

म्हणून विद्यापीठे, महाविद्यालये, सरकारी व खासगी कार्यालये यांच्याकडे माझी मागणी अगदी मर्यादित आहे. ज्या कागदावर व्हीपीएन सक्तीचे असल्याचे लिहिता, त्याच कागदावर ते कोणत्या प्रोटोकॉलचे आहे, कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोणत्या आवृत्तीपासून चालते, ३२ बिटवर चालते की नाही, लिनक्ससाठी कोणता ओपन सोर्स क्लायंट चालेल आणि तो वापरण्यास संस्थेची हरकत आहे की नाही, हे चार ओळींत मराठीत छापा. तेही प्रवेशशुल्क भरून घेण्याच्या आधी. कारण शुल्क भरल्यानंतर मिळालेली माहिती त्या कुटुंबाच्या काही उपयोगाची नसते. आणि पुढच्या वेळी व्हीपीएनची निविदा काढाल तेव्हा 'खुल्या प्रोटोकॉलचे असावे' ही एक अट त्यात घाला. नव्या यंत्रणेच्या खरेदीवेळी ही अट घालणे सोपे असते; एकदा बंद यंत्रणा घेतली, की पुढची पाच वर्षे करारात अडकून पडतात.

आपल्या दैनिकाने जून-जुलैमध्ये प्रवेशाच्या सूचना छापताना संस्थांकडे ही माहिती मागितली, तर तिन्ही जिल्ह्यांतील पालकांवर मोठे उपकार होतील. मी माझ्यापुरते एवढे केले आहे की प्रत्येक शनिवारी दुपारी दोन ते पाच आमच्या प्रयोगशाळेत कोणत्याही महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला लॅपटॉप आणून दाखवता येतो. प्राचार्यांची त्याला परवानगी आहे. येताना चार्जर, संस्थेने पाठवलेली सूचना आणि यंत्र जुने असेल तर सीआर-२०३२ सेल एक, एवढे सोबत आणावे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक प्रयोगशाळा सहायक, ता. चोपडा, जि. जळगाव